आईच्या मानेची फिल्म

वाकोला,
२० फेब्रुवारी १९५७

व्हायोलेट बाईसाहेब,

मुलुंडहून वाकोल्याला यायला बोटीत बसावं लागत नाही हे मला माहीत होतं. पण इथवर येऊन, घर हाकेच्या अंतरावर असताना कुणी तसंच परत जाऊ शकतं, हे मला परवा कळलं. फुलवाल्या सुगंधाबाईनं सांगितलं. जॉनच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही बायका बॅण्ड लावून उंबराचं पाणी आणायला विहिरीवर गेलो होतो, तेव्हा तू रस्त्यावरच्या क्रुसापाशी उभी होतीस म्हणे. “तुझी बहीण आता अगदी आमच्यातलीच दिसते हो. कपाळाला कुंकू, डोक्यात माझ्याकडचाच गजरा,” असं ती कौतुकानं सांगत होती आणि मी नुसती ऐकत उभी.

मी कुठे होते विचारशील. मी मागे होते. बॅण्डवाला सिनेमाची गाणी वाजवायला लागला होता आणि मी त्याच्याशी भांडत होते. सगळ्यांत पुढे आई होती. नवऱ्यामुलाच्या आंघोळीचं पहिलं पाणी त्याच्या आईच्या डोक्यावरून यायचं, आणि मांडवात पोचेपर्यंत कळशी खाली ठेवायची नाही, हे तुला काय सांगायचं? तुझ्या लग्नाला ना विहीर, ना कळशी, ना मांडव. रजिस्ट्रारच्या कचेरीत सही केलीस आणि श्यामसुंदरबरोबर चालती झालीस. त्याला आता चार वर्षं होतील. मी तुला बोल लावत नाही. लावते आहे थोडा.

आलीस तर आत का नाही आलीस गं? पपांनी हाकललं असतं, कबूल. पण मी मेले नव्हते ना! मागच्या दारानं आत घेतलं असतं, पडवीत लग्नाचे पिठाचे फुगे तळायला बायका बसल्या होत्या त्यांच्यात बसवून तुझ्या हातात झारा दिला असता. धुरात कोण कुणाला ओळखतंय!

मुलुंडला पाय ठेवणार नाही, असं पपांनी माझ्याकडून चर्चच्या आल्तारापुढे वदवून घेतलं आहे. पत्राबद्दल ते काही बोलले नव्हते. तू कधी उत्तर देत नाहीस ती गोष्ट वेगळी. या वेळी दे.

लग्न बाकी चांगलं झालं. जॉनची बायको फिलोमिना, कुर्ल्याच्या रोझारिओंची, बोलायला गोड आहे. तिच्या माहेरची माणसं मात्र सोवळी, चर्चचे खांब असल्यासारखी वागतात. आई थकली आहे. काल तिच्या हातून काचेचा जग पडला. हात ओला होता म्हणाली. नव्हता.

तुझी,
क्लारा


वाकोला,
१० मार्च १९५७

व्हायोलेट,

चार वर्षांत तुझं पहिलं पत्र आलं आणि त्यात मजकूर इतकाच: “मी आईला हाक मारली. ती माझ्या अगदी जवळून गेली आणि तिनं मान वळवली नाही. मला माझं उत्तर मिळालं. आता पत्रं पाठवू नकोस.”

पाठवणार. तू फाडून टाक.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती सुरणाचे काप करत होती. “बॅण्ड वाजत होता,” एवढंच म्हणाली आणि काप करत राहिली. मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, घ्या, पपांचा हेका आता हिलाही लागला. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

मग राखेचा बुधवार आला. फादरांनी कपाळाला राख लावायच्या आधी आईनं मान खाली घातली आणि एकदम “आई गं” करून माझा दंड धरला. मान वाकवली की पाठीतून पायापर्यंत वीज गेल्यासारखं होतं, असं तिनं घरी आल्यावर सांगितलं. हे कधीपासून विचारलं तर म्हणते पावसाळ्यापासून. चर्चची शेवटची पायरी उतरताना तर ती पडलीच. पाय अडखळला नाही, पाय कुठे आहे हेच तिला कळलं नाही. “क्लारा गो, पाय माझे न्हाईत वाटतात,” म्हणाली. ब्लाऊजचे हुक आता मी लावते. जपमाळेचे मणी तिच्या बोटांतून निसटतात आणि ती एकच मणी पुन्हा पुन्हा म्हणत बसते.

पपा म्हणतात म्हातारपण. आपले गल्लीतले डॉक्टर म्हणाले संधिवात, आणि चोळायला तेल दिलं. मी ऑफिसातून अर्धी रजा काढून त्यांच्याशी जाऊन भांडले, तेव्हा कुठे त्यांनी चिठ्ठी दिली. अंधेरीला डॉक्टर जयवंत म्हणून आहेत, त्यांच्याकडे एक्स-रेचं यंत्र आहे. मानेचा फोटो काढून बघा म्हणाले.

आईनं विचारलं, “हाडांचा फोटो काढून काय भिंतीला लावायचाय?” पण येते म्हणाली.

क्लारा


वाकोला,
२ एप्रिल १९५७

व्हायोलेट गो,

या पत्राबरोबर मोठं पाकीट आहे, पुठ्ठे लावलेलं. आधी ते जपून उघड आणि मग हे वाच.

अंधेरीला जाऊन आलो. डॉक्टर जयवंत तरुण आहेत, भुवया सतत वर चढलेल्या, बोलणं तुटक. त्यांनी आईला गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. साखळी काढली, कानातले काढले. पण मोत मावलीच्या जत्रेत घेतलेलं पदक दोऱ्यात ओवून तिनं ब्लाऊजच्या आत मागे मानेशी टाकलं होतं, ते ती बोललीच नाही. पहिली फिल्म फुकट गेली. डॉक्टर अंधाऱ्या खोलीतून ओली फिल्म टांगून घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, मावली इथे बसल्या तर मला मणका कसा दिसणार?” बरोबर मणक्यावर पदकाचा पांढरा ठिपका. आई म्हणाली, “मग ती तिथंच बसलीय ते बरंच हाय की.” शेवटी मी ते पदक माझ्या मुठीत धरून उभी राहीन, असं कबूल केल्यावर तिनं काढलं.

मग यंत्र चालवणाऱ्या माणसानं तिला बाजूनं उभी केली आणि दोन्ही हातांत वाळूच्या पिशव्या दिल्या. खांदे खाली ओढले गेले की मानेचा खालचा भाग दिसतो म्हणे. आई त्या माणसाला म्हणते, “ओझं हातात कशाला? डोक्यावर द्या, मला सवय हाय.” तो हसला. डॉक्टर हसले नाहीत. किती वर्षं डोक्यावर ओझं वाहिलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, लग्न होऊन आली तेव्हापासून वाडीतली भाजी पाटीत घालून रोज वाकोल्याहून खारच्या बाजारात. डोक्यावर चुंबळीचा घट्टा आहे, तो त्यांनी बोटानं चाचपला. मग मान पुढे वाकवून एक फोटो, मागे टाकून एक. मागे ती जातच नव्हती.

आता खिडकीशी जा आणि फिल्म उजेडाला धर. वर जबडा दिसेल, डाव्या बाजूची दाढ नाही, तू लहानपणी डोकं आपटून पाडलीस ती. त्याच्याखाली मणके एकावर एक. मधे मधे गादी असते, ती वरच्या दोघांत दिसते. खालच्या तिघांत बघ, गादी उरलीच नाही, हाडावर हाड टेकलं आहे. कडांना बारीक चोची फुटल्यात, पुढे आणि मागेही. मागच्या चोची जिथे घुसल्यात तिथून हातापायांना जाणाऱ्या शिरांची दोरी खाली उतरते. तीच दाबली जाते आहे. म्हणून जग पडतो, म्हणून पाय तिचे नाहीत.

मी त्या उजेडाच्या पेटीसमोर उभी होते आणि मला एकदम तू दिसलीस, क्रुसापाशी. व्हायोलेट, या मानेनं ती वळणार कशी? तीही डोक्यावर भरलेली कळशी घेऊन? फिलोमिनाची मावशी लग्नातच टोमणा मारून गेली होती, की जॉनची आई क्रुसावरून गेली आणि तिकडे बघितलंसुद्धा नाही. तुला माहीत आहे, आई त्या क्रुसाला नमस्कार केल्याशिवाय जन्मात पुढे गेलेली नाही. जी देवाकडे वळू शकली नाही, ती तुझ्याकडे कशी वळेल? मी उगाच चिडले तिच्यावर, आणि तूही.

डॉक्टरांनी गळ्याला पट्टा दिला आहे, हनुवटीपासून छातीपर्यंत कडक. डोक्यावर ओझं कायमचं बंद. मोठ्या हॉस्पिटलात सर्जनना दाखवायला सांगितलं आहे. त्यांना ही फिल्म लागेल, म्हणून पोस्टानं परत पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. पपांचं मी बघते.

तुझी क्लारा


वाकोला,
११ एप्रिल १९५७

माझी व्हायोलेट,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि टाईपरायटरवर डोकं ठेवून रडले. शेजारची मृणालिनी घाबरून पाणी घेऊन आली. तू फिल्म खिडकीला चिकटवून ठेवली आहेस आणि श्यामसुंदर रोज सकाळी तिच्याकडे बघून “सासूबाई, नमस्कार” म्हणतो, हे वाचून तर हसूही आलं. बरा दिसतो गं तुझा नवरा. ईस्टरला येते म्हणालीस, दोघं या. फिल्म घेऊन या.

सर्जनना भेटलो. फिल्म भरतीच्या दिवशी आणा म्हणाले, पण नुसत्या तिच्यावर त्यांचं भागत नाही. आधी पाठीच्या कण्यात औषध सोडून, टेबल तिरकं करून ते औषध मानेपर्यंत कुठे अडतं ते बघणार, आणि मग मागच्या बाजूनं हाड कापून दोरीला जागा करणार. ईस्टरनंतरच्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी भरती व्हायचं आहे. मी स्पष्ट विचारलं. गेलेले हात परत येतीलच असं नाही, आहेत ते पाय वाचवायला हे करायचं, म्हणाले. उलटंही होऊ शकतं. अंथरुणाला खिळूनही राहू शकते. तेही त्यांनी सांगितलं.

म्हणून म्हणते, त्याच्या आत ये. तुला उचलून घ्यायला आता हात नाहीत तिचे, पण तुझ्या तोंडावरून फिरवण्याइतके अजून आहेत.

आईला सांगितलं, तू येणार म्हणून. तिनं फक्त पट्टा घट्ट करायला सांगितलं. तू आलीस की बोलेल.

क्लारा


वाकोला,
१८ एप्रिल १९५७, पवित्र गुरुवार

व्हायोलेट,

उद्या गुड फ्रायडे, पोस्ट बंद. म्हणून हे पत्र जॉनच्या हातात देते आहे. तो पहिल्यांदाच तुझ्या घरी येतो आहे, त्याला काहीतरी खायला घाल, उपास आहे असं सांगेल पण त्याचं ऐकू नकोस. आणि त्याच्यासमोर हे वाचू नकोस.

हे पत्र मला लिहायचं नव्हतं. आईनं लिहायला लावलं. आमचं त्यावरून जोराचं भांडण झालं आहे.

तुझं येणं कळल्यावर दोन दिवस ती जपमाळ घेऊन बसली. मग तिनं विचारलं, “तिला तू काय लिवलंस?” मी सांगितलं, फिल्म पाठवली, मान वळत नव्हती हे तिला पटलं. आई म्हणाली, “वळत व्हती.”

मी म्हटलं, आई, तुला काय कळतं, फिल्म आहे ना! तर तिनं पट्टा सोडला. डावीकडे वळून दाखवायला गेली, मान हललीसुद्धा नाही. मग उजवीकडे वळली. कष्टानं, दात आवळून, पण वळली. दारातल्या माझ्या चपलांपर्यंत तिची नजर पोचली. विहिरीवरून घरी येताना क्रूस उजव्या हाताला लागतो, ते तुला माहीत आहे.

हे मला अंधेरीलाच कळलं होतं गं. डॉक्टर जयवंतांनी माझ्यासमोर तिची मान दोन्हीकडे फिरवून बघितली होती. मीच त्यांना विचारलं होतं, म्हणजे दीड महिन्यापूर्वी तिला कुणाकडे वळून बघणं शक्यच नव्हतं ना? ते म्हणाले, “पन्नाशी उलटलेल्या दहा माणसांचे फोटो काढा, बऱ्याच जणांचे असेच येतील. त्यातले कितीतरी मजेत मान हलवत फिरतायत. फिल्म हाड दाखवते. माणसानं त्या दिवशी काय केलं ते मला विचारू नका.” ते मी तुला लिहिलं नाही. मला तू घरी यायला हवी होतीस.

आता आईचं सांगते, तिच्याच शब्दांत सांगायचं असं बजावलं आहे तिनं.

“मी तिला लांबूनच बघितली. विहिरीचा उतार चढून वर आले तशी समोर क्रुसापाशी ती उभी. लाल साडी. बाजूला फिलोमिनाची मावशी चालत व्हती. त्या लोकांना आम्ही सांगितलं व्हतं, धाकटी आफ्रिकेत नर्स हाय. तिकडं बघितलं असतं तर ती ‘आई’ म्हणून पुढं आली असती, आणि मावशीनं विचारलं असतं, ही कोण? दुसऱ्या दिवशी लग्न. म्हणून मी नजर रस्त्यावर ठिवली. तिनं हाक मारली ती बॅण्डमधून ऐकली मी. क्रुसाकडं बघितलं न्हाई, कारण ती तिथंच उभी व्हती. देवाकडं बघायला गेले असते तर ती दिसली असती.”

मी म्हटलं, बरं, झालं ते झालं, आता गप्प बस, पोरगी येते आहे ना! कशाला सगळ्याची वाट लावतेस? ती म्हणाली, “खोट्यावर यील आणि माझे पाय दाबत बसंल? मी टेबलावर मेले तर तिच्या खिडकीवर माझी हाडं राहतील, आणि ती पण खोटं बोलणारी. लिव.”

मी म्हटलं, ती येणार नाही मग. “नको येऊ दे,” म्हणाली, आणि पहिल्यांदाच रडली. डोळे पुसायला हात वर गेला तो कपाळाला लागला, डोळ्याला नाही. मीच पुसले.

पपा बाहेर बसून ऐकत होते. आफ्रिकेतल्या नर्सची कहाणी त्यांनीच रचलेली. ते आत आले नाहीत. मला वाटलं, नेहमीसारखे चर्चकडे निघून गेले. पण मग ओट्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आईची खुर्ची ओट्यावर भिंतीकडे तोंड करून असायची, वारा लागू नये म्हणून. पपांनी ती उचलून रस्त्याकडे फिरवून ठेवली आहे. आईला तिथे नेऊन बसवली, पट्टा मी बांधला. आता तिला डावीकडे उजवीकडे काही दिसत नाही, फक्त विहिरीकडून येणारा रस्ता दिसतो.

तू चिडशील. चिड. मला शिव्या दे, फिल्म पाठवताना मी गप्प राहिले त्याबद्दल. यायचं नसेल तर फिल्म तेवढी जॉनच्या हाती दे, सर्जनना लागेल. ते त्याला मी सांगून ठेवलं आहे. मी तुला आता कशाचाही पुरावा देणार नाही.

पण आलीस तर बाजूनं येऊ नकोस आणि हाकही मारू नकोस. समोरून ये. ती सकाळपासून तिकडेच बघत बसली आहे.

क्लारा